गेमिंग पीसी अपग्रेड करायचाय? प्रोसेसर घेण्याआधी तुमचा मदरबोर्ड काय चालवून घेईल ते बघा

नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं, बसवलं, ड्रायव्हर टाकले, गेम सुरू केला आणि एफपीएस जेमतेम पाच-दहाने वाढले. असं झालं की पहिला संशय कार्डावर जातो. दुकानदाराने फसवलं इथपासून ते कार्डच डुप्लिकेट आहे इथपर्यंत सगळं बोलून होतं. पण बऱ्याचदा कार्ड चांगलंच असतं. त्याला काम पुरवणारा प्रोसेसर मागे पडलेला असतो.

मग प्रोसेसर बदलायचं ठरतं आणि तिथून खरा गोंधळ सुरू होतो. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर बसत नाही. मदरबोर्ड बदलायचा तर जुनी रॅम चालत नाही. सगळं घेऊन झाल्यावर कळतं की एसएमपीएसला हवी ती वायरच नाही. एका भागाचं बजेट घेऊन निघालेला माणूस चार भागांचं बिल घेऊन घरी येतो.

त्यात रॅमचे भाव. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून एआय डेटा सेंटर्सनी मेमरी चिप्सची एवढी खरेदी सुरू केली की साध्या ग्राहकाच्या वाट्याला येणारी रॅम कमालीची महाग झाली. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशियल’ या नावाने चालणारा आपला ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे ‘सगळंच नवं घेऊ’ हे उत्तर पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही.

म्हणूनच काय बदलायचं आणि काय ठेवायचं, हे खरेदीआधी नीट समजून घेऊ.

आधी बघा, दोष खरंच प्रोसेसरचा आहे का?

यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही. ‘एमएसआय आफ्टरबर्नर’ हे मोफत सॉफ्टवेअर टाका. त्यात गेम खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात ग्राफिक्स कार्ड किती टक्के काम करतंय ते दिसतं. व्ही-सिंक आणि एफपीएसवर लावलेली मर्यादा आधी बंद करा, नाहीतर आकडे चुकीचे दिसतील.

ग्राफिक्स कार्ड सतत ९५ ते ९९ टक्क्यांवर असेल तर ते पूर्ण ताकदीने राबतंय. अशा वेळी प्रोसेसर बदलून एफपीएस फारसे वाढणार नाहीत. उलट कार्ड ५०-६० टक्क्यांवर रेंगाळतंय आणि तरीही एफपीएस कमी आहेत, गेम मध्येच अडखळतोय, तर प्रोसेसरकडे बोट दाखवायला हरकत नाही.

खात्री करायची असेल तर गेमचं रिझोल्यूशन १०८० पीवरून ७२० पीवर आणा. त्याने ग्राफिक्स कार्डाचं ओझं बरंच कमी होतं, प्रोसेसरचं मात्र जवळपास तेवढंच राहतं. एफपीएस झपकन वाढले तर अडचण कार्डाची होती. आहे तिथेच राहिले तर अडचण प्रोसेसरची आहे.

इथे बरेच जण एका गोष्टीला फसतात. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४५ टक्के दिसतो आणि वाटतं, अजून निम्मी ताकद शिल्लक आहे. पण तो आकडा सगळ्या कोअर्सची सरासरी असतो. गेमचं मुख्य काम एक-दोन कोअर्सवरच अडलेलं असेल, तर बाकीचे कोअर मोकळे असूनही गेम अडखळतो.

आणि हो, मॉनिटरही बघा. तो ६० हर्ट्झचा असेल आणि गेम आताच ६० एफपीएसवर सुरळीत चालत असेल, तर नव्या प्रोसेसरचा फरक डोळ्यांना जवळपास दिसणारच नाही.

प्रोसेसर गेममध्ये करतो तरी काय?

दृश्य रंगवण्याचं काम ग्राफिक्स कार्डाचं. पण त्या दृश्यात कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, गाडी वळताना किती घसरली, हा सगळा हिशोब प्रोसेसर करतो आणि मग कार्डाला सांगतो की ‘आता हे रंगव’. सांगणाराच हळू असेल तर रंगवणारा हातावर हात ठेवून बसतो.

‘व्हॅलोरंट’, ‘काउंटर स्ट्राइक २’ यांसारख्या गेम्समध्ये कार्डाला तुलनेने कमी काम असतं आणि खेळणाऱ्यांना २०० च्या वर एफपीएस हवे असतात. तिथे प्रोसेसर लवकर उघडा पडतो. ‘सायबरपंक २०७७’ सारखा गेम १४४० पीवर, रे ट्रेसिंग लावून खेळलात तर भार मुख्यतः कार्डावर येतो.

म्हणून ‘सगळ्यात भारी प्रोसेसर कोणता?’ हा प्रश्नच अपुरा आहे. तुम्ही कोणते गेम, कोणत्या रिझोल्यूशनवर, कोणत्या कार्डावर खेळता, त्यावर उत्तर ठरतं. नुसत्या गेमिंगसाठी आजही ६ कोअर आणि १२ थ्रेडचा प्रोसेसर पुरतो. सोबत स्ट्रीमिंग, व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर ८ कोअरचा विचार करावा.

यात सध्या एक शब्द सारखा कानावर पडतो, ‘एक्स३डी’. तो समजायला स्वयंपाकघर आठवा. ओट्यावर मिसळणाचा डबा असतो, फडताळात बरण्या असतात आणि बाकीचं सामान वाण्याकडे. प्रोसेसरची कॅश म्हणजे मिसळणाचा डबा, रॅम म्हणजे फडताळ आणि एसएसडी म्हणजे वाण्याचं दुकान. फोडणी टाकताना सगळं डब्यातच सापडलं तर हात थांबत नाही. एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये आणलेल्या रायझेन ७ ५८००एक्स३डीमध्ये हा डबाच मोठा केला. साध्या ५८००एक्समध्ये ३२ एमबी एल३ कॅश होती, एक्स३डीमध्ये चिपवर आणखी एक थर चढवून ती ९६ एमबी केली. कोअर तेवढेच, घड्याळाचा वेग उलट थोडा कमी, तरी बऱ्याच गेम्समध्ये तो पुढे गेला. पुढे २०२३ मध्ये ७८००एक्स३डी आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ९८००एक्स३डी हे याच पद्धतीचे प्रोसेसर आले.

सगळा खेळ सॉकेटचा

मदरबोर्डवर प्रोसेसर जिथे बसतो ती जागा म्हणजे सॉकेट. सॉकेट जुळलं नाही तर पुढचं काहीच जुळत नाही.

एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६ मध्ये आलं आणि रायझेन १००० पासून ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर त्याच सॉकेटवर आले. या सॉकेटला रायझेनसोबत डीडीआर४ रॅम लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये एएम५ आलं. त्यावर ७०००, ८००० आणि ९००० मालिका चालतात आणि फक्त डीडीआर५ रॅम चालते. या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ, असं एएमडीने सांगितलेलं आहे.

इंटेलकडे सॉकेट लवकर बदलतं. १०वी आणि ११वी पिढी एलजीए १२०० वर, १२वी ते १४वी पिढी एलजीए १७०० वर आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली कोअर अल्ट्रा २०० एस मालिका एलजीए १८५१ वर. एलजीए १७०० चे मदरबोर्ड डीडीआर४ चेही मिळतात आणि डीडीआर५ चेही. १८५१ वर मात्र फक्त डीडीआर५.

डीडीआर४ रॅम डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसतच नाही. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते. त्यामुळे जोर लावून बघू नका.

पण सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालेलच, असंही नाही. इंटेलच्या ७व्या आणि ८व्या पिढीचं सॉकेट दिसायला सारखं, नावही एलजीए ११५१ च, तरी ८व्या पिढीला ३०० मालिकेचेच बोर्ड लागायचे. जुन्या बोर्डवर तो बसायचा, पण चालायचा नाही.

बी४५० बोर्डची गोष्ट का लक्षात ठेवायची?

भारतात अनेकांच्या गेमिंग पीसीत आजही बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आहे. मे २०२० मध्ये एएमडीने जाहीर केलं होतं की रायझेनची पुढची पिढी या बोर्डवर चालणार नाही. कारण दिलं होतं बायोसच्या चिपमधल्या अपुऱ्या जागेचं. बऱ्याच बोर्डवर ही जागा फक्त १६ एमबीची होती आणि त्यात सगळ्या पिढ्यांची माहिती मावत नव्हती. पुढेही अपग्रेड करता येईल या भरवशावर बोर्ड घेतलेले लोक भडकले. काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली आणि बी४५० वर रायझेन ५००० चा रस्ता मोकळा झाला. २०२२ मध्ये त्याहून जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डलाही अधिकृत परवानगी मिळाली.

यातून लक्षात घ्यायचं ते हे की प्रोसेसर चालेल की नाही, हे सॉकेटसोबत बायोसही ठरवतं. म्हणून मदरबोर्ड कंपनीच्या वेबसाइटवर जा, तुमच्या बोर्डचं नेमकं मॉडेल शोधा आणि ‘सीपीयू सपोर्ट लिस्ट’ उघडा. हव्या त्या प्रोसेसरपुढे बायोसची कोणती आवृत्ती लागते ते लिहिलेलं असतं. बायोस आधी अपडेट करायचं, मग प्रोसेसर बदलायचा. उलटं केलंत तर स्क्रीन काळीच राहील.

तुमच्याकडे आता काय आहे?

*एएम४ बोर्डवर रायझेन १०००, २००० किंवा ३०००:* तुम्ही सगळ्यात फायद्यात आहात. बायोस अपडेट करा आणि रायझेन ५ ५६०० किंवा ८ कोअरचा ५७००एक्स बसवा. बोर्ड तोच, रॅम तीच. रायझेन ५ २६०० वरून ५६०० वर गेलात तर कोअर तेवढेच राहतात, पण प्रत्येक कोअर बराच वेगवान होतो आणि गेमला तेच हवं असतं. ५८००एक्स३डी आणि ५७००एक्स३डी हे एएम४ चे सगळ्यात ताकदवान गेमिंग प्रोसेसर, पण ते आता नवे मिळणं कठीण झालंय. त्यांच्या मागे धावून अवाच्या सवा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

एक तोटाही आहे. बी४५० वर पीसीआयई ३.० आहे. आरटीएक्स ४०६० सारखं ८ लेनचं कार्ड त्यावर चालतं, पण कार्डाची स्वतःची मेमरी भरली की ४.० च्या तुलनेत जास्त अडखळू शकतं.

*इंटेलची ६वी किंवा ७वी पिढी:* इथे फक्त प्रोसेसर बदलून भागणार नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या पिढ्यांचे जवळपास सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. रायझेन १००० मालिकेचंही तेच आहे. आता गेम्सही यात अडतात. विंडोज ११ वर ‘व्हॅलोरंट’ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट लागतं, ‘बॅटलफील्ड ६’ लाही सिक्युअर बूट लागतं. म्हणजे प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोन्ही बदलावे लागतील.

पण जुनी रॅम डीडीआर४ असेल तर ती टाकून देऊ नका. डीडीआर४ वाला बी६६० किंवा बी७६० बोर्ड आणि कोअर आय५ १२४००एफ, किंवा बी५५० बोर्ड आणि रायझेन ५ ५६००, या जोड्यांमध्ये तीच रॅम पुन्हा वापरता येते. सध्याच्या भावात ही मोठी बचत आहे.

*एलजीए १७०० वर कोअर आय३ १२१००एफ किंवा आय५ १२४००एफ:* बोर्ड तोच ठेवून १४४००एफ किंवा त्यावरच्या प्रोसेसरवर जाता येतं. मात्र १३व्या-१४व्या पिढीच्या ताकदवान प्रोसेसरमध्ये २०२४ साली व्होल्टेजचा दोष उघड झाला होता. गेम मध्येच बंद पडत होते, प्रोसेसर कायमचे खराब होत होते. इंटेलने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर दुरुस्त्या दिल्या आणि बाधित प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेलं नुकसान मात्र अपडेटने भरून येत नाही. म्हणून यातला सेकंडहँड आय७ किंवा आय९ स्वस्तात मिळाला तरी टाळलेला बरा, आणि नवा घेतला तर आधी ताजं बायोस टाका.

*सगळंच नवं घ्यायचंय:* मग एएम५ चा विचार पहिला करा. आज बी६५० किंवा बी८५० बोर्डवर रायझेन ५ ७६०० किंवा ९६००एक्स घ्या, दोन-तीन वर्षांनी त्याच बोर्डवर एक्स३डी बसवता येईल. आज भारी प्रोसेसर आणि हलकं ग्राफिक्स कार्ड घेण्यापेक्षा मध्यम प्रोसेसर आणि बरं कार्ड ही जोडी गेममध्ये जास्त उपयोगी पडते.

मदरबोर्ड निवडताना काय बघायचं?

महाग मदरबोर्ड घेतल्याने एफपीएस वाढत नाहीत. पण फारच स्वस्त बोर्ड घेतला तर कमी होऊ शकतात.

एसएमपीएसकडून १२ व्होल्ट येतात आणि प्रोसेसरला लागतात साधारण एक ते दीड. हे रूपांतर बोर्डवरचं व्हीआरएम करतं आणि ते करताना तापतं. त्यावर हीटसिंक नसेल आणि प्रोसेसर ताकदवान असेल, तर बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करतो. अकोला, जळगाव, नागपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना टेकतो. एसी नसलेल्या खोलीत हा फरक लगेच जाणवतो. ८ कोअरचा प्रोसेसर घेणार असाल तर हीटसिंक असलेलाच बोर्ड घ्या.

दुसरी गोष्ट ओव्हरक्लॉकिंगची. इंटेलमध्ये नावात ‘के’ असलेले प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतात, पण त्याला झेड मालिकेचा बोर्ड लागतो. एएमडीमध्ये बी मालिकेवरही ते जमतं. ओव्हरक्लॉक करायचंच नसेल तर झेड किंवा एक्स मालिकेवर जादा पैसे घालण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट आकाराची. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४ चा. जुनं कॅबिनेट छोटं असेल तर आधी मोजा.

याशिवाय एम.२ स्लॉट किती, रॅमचे स्लॉट दोन की चार, वायफाय आहे की नाही आणि प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून बायोस टाकता येईल असं ‘बायोस फ्लॅशबॅक’चं बटण आहे का, हे बघून घ्या. एसएमपीएसकडून प्रोसेसरसाठी ८ पिनची वायर येते का तेही तपासा. जुन्या, स्वस्त एसएमपीएसमध्ये ४ पिनचीच असते.

खरेदी करताना

लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर ऑनलाइन, काही गोष्टी तपासायच्याच. प्रोसेसर सीलबंद बॉक्समधला घ्या. इंटेल आणि एएमडी बॉक्समधल्या डेस्कटॉप प्रोसेसरवर साधारणपणे तीन वर्षांची वॉरंटी देतात. सुटा, म्हणजे ‘ट्रे’ प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, पण त्यावर कंपनीची वॉरंटी मिळेलच असं नाही.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. ‘बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील’ असं कुणी म्हणालं, तर त्या १८ टक्क्यांत तुमची वॉरंटीही जाऊ शकते.

इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. एएम४ वर ‘जी’ नसलेल्या रायझेनमध्येही नसतं. उद्या ग्राफिक्स कार्ड बिघडलं तर पीसीवर डिस्प्लेच येणार नाही, हे माहीत असू द्या.

सेकंडहँड बोर्ड घेताना इंटेल किंवा एएम५ च्या सॉकेटमधल्या बारीक पिना टॉर्चच्या उजेडात बघा. एखादी वाकलेली असेल तर सौदा सोडा. वाकलेली पिन सहसा वॉरंटीत बसत नाही.

बदलण्याच्या दिवशी

काम सुरू करण्याआधी विंडोजचं लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून घ्या आणि बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बोर्ड किंवा प्रोसेसर बदलल्यावर विंडोज ही की मागू शकतं. ती नसेल तर ड्राइव्हमधला डेटा उघडता येत नाही. कॉलेजचे प्रोजेक्ट, घरचे फोटो यांचा बॅकअप आधीच घ्या. बायोस अपडेट सुरू असताना लाईट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, त्यामुळे घरात इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल तर त्यावर पीसी लावा.

एएम४ चा कूलर सरळ वर ओढू नका. सुकलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. थोडा वेळ गेम चालवून प्रोसेसर कोमट होऊ द्या, पीसी बंद करून प्लग काढा आणि मग कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवा.

एएम५ वर पहिल्यांदा पीसी सुरू केला की स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. तेव्हा बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो. घाबरून मध्येच बटण दाबू नका.

शेवटी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो सुरू करा. ६००० वेगाची डीडीआर५ रॅम घेतली तरी हे केल्याशिवाय ती बहुतेक वेळा ४८०० वरच चालते. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डवर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावतात. बोर्डच्या पुस्तिकेत तसं चित्र असतं.

थोडक्यात क्रम असा: आधी आफ्टरबर्नर लावून दोष कुणाचा ते शोधा. मग बोर्डचं मॉडेल आणि सीपीयू सपोर्ट लिस्ट बघा. त्याच बोर्डवर चांगला प्रोसेसर बसत असेल तर तेवढाच घ्या. बसत नसेल तर जुनी रॅम वाचवता येते का बघा. तेही शक्य नसेल तरच नव्या सॉकेटवर जा. या क्रमाने गेलात तर वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालता येतात, आणि गेममध्ये फरक बहुतेक वेळा तिथेच दिसतो.